जालन्याचं टपाल कुठं उतरतं



तुमच्यात मराठवाड्यातली बरीच घरं आहेत, म्हणून जालन्याची ओळख थोडक्यातच करून देतो. १ मे १९८१ला औरंगाबादेतून वेगळा झालेला हा जिल्हा मोसंबीसाठी, बियाण्यांसाठी आणि सळईसाठी ओळखला जातो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी जालन्यातच सुरू केली आणि १९९८चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. एमआयडीसीत भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. हा सगळा व्यापार एके काळी शब्दावर आणि फोनवर चालायचा. आता कोटेशन, पर्चेस ऑर्डर, टेस्ट सर्टिफिकेट, बँकेची कागदपत्रं, सगळं ईमेलवर चालतं.

आणि तिथंच घात होतो. ओळखीच्या पार्टीच्या नावानं मेल येते: आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या नव्या खात्यात करा. लेटरहेड तेच, सहीखालचं नाव तेच, पत्त्यात मात्र एक अक्षर वेगळं. मार्चअखेरीच्या धावपळीत अकाउंट्सचा माणूस ते अक्षर पाहील, अशी अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून कारखाने आता मेल गाळणारी क्लाउड सेवा घेऊ लागले आहेत. ती बसवून देण्याचं काम मी करतो. पैसे भरले, सेवा सुरू झाली, म्हणजे आपण सुरक्षित झालो असं मालकांना वाटतं. तसं ते होत नाही, आणि का होत नाही हेच मला आज सांगायचं आहे.

आधी मेल वाट कशी शोधते ते पाहू. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची नोंदवही, मांडलं. जानेवारी १९८६मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी त्यात मेलची वाट कशी ठरवायची ते लिहून काढलं. त्यासाठी डीएनएसमध्ये जी नोंद असते, तिला एमएक्स रेकॉर्ड म्हणतात. तुम्ही इथून जालन्याच्या एखाद्या कंपनीला मेल पाठवली, की तुमचा सर्व्हर डीएनएसला विचारतो, या डोमेनचं, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचं, टपाल कोण घेतं? उत्तरात यंत्रांची नावं येतात आणि प्रत्येकासमोर एक आकडा असतो, १०, २० असा. लहान आकडा आधी. ते यंत्र बंद असेल तर पुढचं. ही नोंद उघडी असते, जगात कुणीही विचारू शकतो.

गाळणी बसवायची म्हणजे या नोंदीत आपल्या सर्व्हरच्या नावाऐवजी सेवेनं दिलेली नावं लिहायची. मग मेल आधी सेवेकडे उतरते, तिथं तपासली जाते आणि चांगली तेवढी आपल्याकडे येते. लिहायला पाच मिनिटं लागतात. पण लिहायचं कुठं, हाच पहिला प्रश्न असतो! डोमेन कुणाच्या नावावर आहे असं मी विचारतो आणि ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघतात. कधीतरी वेबसाइट करून देणाऱ्या मुलानं स्वतःच्या ईमेलवरून ते नोंदवलेलं असतं. तो आता पुण्यात नोकरीला असतो. पासवर्ड त्याच्याकडे, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे, लॉगिनचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर. ज्या कंपनीनं जागेचा सातबारा आणि भट्टीचा विमा जपून ठेवला, तिच्या नावाचा ताबा असा परक्या हातात असतो. माझा आग्रह असतो, की रेकॉर्डला हात लावण्याआधी डोमेन कंपनीच्या नावावर घ्या, कंपनीचा कायमचा नंबर आणि ईमेल तिथं द्या. यात कधी आठवडे जातात. जाऊ द्यावेत.

ताबा मिळाला, की एक दिवस आधी टीटीएल कमी करायचा. जगभरचे सर्व्हर जुनं उत्तर किती वेळ लक्षात ठेवतील ते हा आकडा सेकंदांत सांगतो. ८६४०० असेल तर पूर्ण दिवस. तो आधीच ३०० करून ठेवला, तर बदल पाच मिनिटांत पसरतो आणि काही चुकलं तर माघारीही लवकर घेता येते. एमएक्समध्ये यंत्राचं नावच लिहायचं, आयपीचा आकडा चालत नाही. काही पॅनेलमध्ये नावाच्या शेवटी टिंब दिलं नाही, तर त्यापुढे आपलंच डोमेन आपोआप चिकटतं आणि अस्तित्वात नसलेलं नाव तयार होतं. म्हणून सेव्ह केल्यावर डोळ्यांनी वाचायचं, गृहीत धरायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. नवी नावं १० आणि २०वर लिहिली जातात आणि जुना सर्व्हर ३०वर तसाच राहतो. 'असू द्या, अडीअडचणीला कामी येईल,' असं म्हणतात. चांगला सर्व्हर १०कडे जातो. स्पॅम पाठवणारा मुद्दाम ३०कडे जातो, कारण तिथं तपासणी नसते हे त्याला ठाऊक असतं. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना जकात नाके आठवत असतील. नाका हमरस्त्यावर असायचा आणि ज्याला चुकवायचा असे, तो ट्रक शेतातल्या गाडीवाटेनं गावात शिरायचा. अडीअडचणीची भीतीही खरी नाही. सेवा काही काळ बंद पडली, तरी पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नियमातली शिफारस निदान चार-पाच दिवसांची आहे.

तिसरी ओळ काढली तरी काम संपत नाही. जुन्या सर्व्हरचा आयपी जगाला माहीत झालेला असतो, यादीत नाव नसलं तरी तिथं थेट जाता येतं. म्हणून त्या सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये लिहावं लागतं, की पोर्ट २५वर फक्त गाळणाऱ्या सेवेच्या आयपींकडून मेल घ्यायची, बाकी कुणाकडून नाही. ही शेवटची पायरी माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त राहून जाते, कारण ती न करताही मेल सुरळीत येत असते आणि कुणाची तक्रार नसते. अशा ठिकाणी दर महिन्याचे पैसे नाक्यासाठी जातात आणि गाडीवाट उघडीच राहते.

एसपीएफचंही सांगून ठेवतो. आपल्या नावानं मेल पाठवायला कुणाला परवानगी आहे, याची ती डीएनएसमधलीच यादी. जाणारी मेलही सेवेतून पाठवणार असाल, तर सेवेचं नाव आहे त्याच ओळीत घालायचं. दुसरी एसपीएफ ओळ केली, तर दोन्ही निकामी होतात. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केल्यामुळे याचा फटका लगेच बसतो, कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये जातं. आणि येणाऱ्या मेलची एसपीएफ तपासणी आता गाळणीवरच व्हायला हवी. आपल्या सर्व्हरला प्रत्येक मेल सेवेच्या आयपीवरून आलेली दिसते, त्यामुळे तो तपासत बसला तर खऱ्या पार्टीची मेलही खोटी ठरवतो.

इतकं करूनही एक मेल गाळणीतून येऊ शकते. पार्टीचा खरा मेलबॉक्सच कुणी ताब्यात घेतला असेल, तर पत्ता खरा, एसपीएफ खरं, फक्त खातं खोटं. त्यावर रेकॉर्डचा इलाज नाही. खातं बदलल्याची मेल आली, की पार्टीच्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवायचं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरचा कारखाना, दुकान, बियाण्यांचा धंदा जालन्याकडं आहे, त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर कॉम्प्युटरवर डीएनएसला प्रश्न विचारणारं एनएसलुकअप उघडावं, टाइप एमएक्स द्यावा आणि घरच्या कंपनीचं डोमेन लिहावं. ओळी वाचाव्यात. गाळणीच्या नावांबरोबर जुन्या होस्टिंगचं नाव दिसलं, तर उद्या सकाळी भावाला फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: ही ओळ अजून का आहे, आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे?