जुना फोन वापरात ठेवताना

(सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून जुन्या मोबाइलविषयी काय बोलायचे, असा प्रश्न विषय ऐकताच काहींच्या मनात आला असेल आणि तो स्वाभाविक आहे. परंतु ज्या एका वस्तूत आज घराची बँक, रेल्वेची तिकिटे, डॉक्टरांचे अहवाल, नातवंडांची छायाचित्रे आणि परगावी दिलेल्या लेकीचा आवाज असे सारे एकवटले आहे, ती वस्तू दर दोन वर्षांनी बदलायची की सात वर्षे वापरायची, हा प्रश्न क्षुल्लक नाही. तो घरखर्चाचा आहे आणि घराच्या सुरक्षिततेचाही आहे.

वस्तू टिकवणे ही गोष्ट मराठी घराला एकेकाळी शिकवावी लागत नसे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, पितळी पातेल्यांना कल्हई लागे आणि जे कपडे अगदीच विरले ते बोहारणीच्या पाटीत जाऊन त्यांच्या बदल्यात एखादे भांडे घरात येई. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळे बनू लागली, तेव्हा ते घड्याळ वडिलांच्या मनगटावरून मुलाच्या मनगटावर जाणे हीच रीत होती. यात त्या पिढीचा फार मोठा त्याग होता असे मानण्याचे कारण नाही. वस्तू महाग होती आणि ती दुरुस्त करणारा कारागीर गल्लीच्या तोंडाशी बसलेला होता, इतकेच.

आता फोनकडे पाहावे. फोन महाग आहेच आणि दुरुस्त करणारेही आहेत. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भिंगातून पाहत नखाएवढे सुटे भाग जोडणारे तरुण कोणत्याही घड्याळजीपेक्षा हाताने कमी नाहीत. मग चार वर्षांचा फोन ‘म्हातारा’ का ठरतो? त्याची काच शाबूत असते, त्यातील चिप झिजत नाही, आवाज स्वच्छ येतो. फोनचे आयुष्य प्रत्यक्षात दोनच गोष्टी ठरवतात. एक त्याची बॅटरी आणि दुसरी म्हणजे कंपनीकडून येणारी सुरक्षा अपडेट. बाकी पुष्कळसा भाग जाहिरातीचा आहे.

बॅटरीविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. फोनमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध थोर खरा, पण बॅटरी ही रासायनिक वस्तू आहे आणि वापराबरोबर तिची शक्ती घटत जाते. ती पूर्ण क्षमतेइतकी एकदा वापरली गेली की एक आवर्तन झाले. अशा सुमारे ५०० आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के शक्ती उरावी, असे गणित अनेक वर्षे रूढ होते. रोज एक आवर्तन धरले तर ५०० दिवस म्हणजे पुरते दीड वर्षही होत नाही.

क्षमता घटते हे सर्वांच्या लक्षात येते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, ती मात्र सहसा लक्षात येत नाही. जुन्या वाड्यातील लोखंडी नळ आतून गंजला की वरची टाकी भरलेली असूनही खाली पाण्याला जोर राहत नाही. बॅटरीचेही तसेच होते. तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि फोनने एकाएकी जास्त वीज मागितली, उदाहरणार्थ कॅमेरा उघडला, तर दाब कोसळतो. मग तीस टक्के चार्जिंग दिसत असतानाही फोन अचानक बंद पडतो. मालक म्हणतो, फोन बिघडला. वस्तुतः बदलायची असते ती केवळ बॅटरी.

याच मुद्द्यावर जगभर गाजलेले एक प्रकरण घडले. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयफोनसाठी १०.२.१ ही आवृत्ती पाठवली. बॅटरी जुनी झालेले फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग आतून कमी करण्याची योजना त्यात होती, परंतु आपला फोन मंद का झाला हे ग्राहकाला स्पष्टपणे सांगितलेले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, बॅटरीच्या वयाशी फोनचा वेग जोडलेला आहे हे वेगाच्या चाचण्यांतून उघड झाले, तेव्हा कंपनीने ते मान्य केले. २८ डिसेंबर २०१७ रोजी तिने ग्राहकांची क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. ही सवलत २०१८ च्या अखेरपर्यंत होती. पुढे फ्रान्सच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेने, ग्राहकांना माहिती दिली नाही म्हणून, फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील तीसहून अधिक राज्यांशी ११ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली.

फोन बंद पडू नये हाच कंपनीचा हेतू होता, असे उदारपणे मानले तरी एक प्रश्न उरतो. ज्याला कारण ठाऊक नव्हते, त्याने मंद झालेल्या फोनचे काय केले असेल? नवा घेतला असेल. याचे उत्तर खुद्द कंपनीच्या कागदपत्रातही सापडते. जानेवारी २०१९ मध्ये प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी येणार असल्याचे कळवले. मुख्य कारण चीनमधील मंदीचे होते, परंतु अन्य कारणांत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्यांचाही उल्लेख होता. २९ डॉलरची बॅटरी बसवल्यावर पुष्कळांना नवा फोन लागेनासा झाला. अन्य कंपन्याही यापासून अलिप्त नाहीत. इटलीच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये, अपडेटमुळे जुने फोन मंदावल्याच्या कारणावरून, अ‍ॅपलबरोबर सॅमसंगलाही दंड केला होता.

वस्तूचे आयुष्य मुद्दाम आखूड ठेवण्याची कल्पना मुळात फोनपेक्षा बरीच जुनी आहे. १९२४ मध्ये विजेचे दिवे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदास दंड लावला. इतिहासात तो संघ फीबस या नावाने ओळखला जातो.

बॅटरीचे आयुष्य वाढवणे मात्र बऱ्याच अंशी वापरणाऱ्याच्या हाती आहे. तिचा मोठा शत्रू उष्णता. आयफोनसाठी भोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे, असे कंपनी सांगते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हे वाक्य वाचले तर हसू येईल, कारण तिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तरीही फोन बंद मोटारीच्या काचेखाली ठेवू नये, दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात चार्जिंगला लावू नये आणि उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज करू नये, एवढे विदर्भातही शक्य आहे. दररोज शंभर टक्के भरण्याचा आणि अगदी शून्यावर उतरू देण्याचा हट्ट सोडला, तर बॅटरी आणखी टिकते.

फोन ‘हँग’ होण्याचे आणखी एक कारण अगदी घरगुती आहे. कुटुंबाच्या गटांवर उगवणाऱ्या शुभ सकाळच्या फुलांनी आणि दिवाळीच्या चित्रफितींनी फोनची जागा काठोकाठ भरलेली असते. ती थोडी रिकामी केली की फोनला पुन्हा हुशारी येते. यासाठी दुकानात जावे लागत नाही.

आता दुसरा घटक, सुरक्षा अपडेट. इथे मात्र जुन्या वस्तूवरील प्रेम आवरते घेतले पाहिजे. घड्याळ जुने झाले तर फार तर मागे पडेल. फोन जुना झाला आणि त्याची सुरक्षा अपडेट थांबली, तर चोरांना ठाऊक झालेल्या वाटा त्यात तशाच उघड्या राहतात. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंतचे पैसे याच फोनवरून जातात. म्हणून अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचा व्यवहार ठेवू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काटकसरीच्या नावाखाली निवृत्तीची पुंजी धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे. शिवाय काही वेळा अ‍ॅपच साथ सोडते. आयओएस १५.१ पेक्षा जुनी आवृत्ती असलेल्या आयफोनवर मे २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅप चालेनासे झाले.

मात्र अपडेट किती वर्षे द्यायची हा निसर्गनियम नाही, तो कंपनीचा निर्णय असतो. २०१३ चा आयफोन ५-एस जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षा अपडेट मिळवत होता. फेअरफोन या छोट्या डच कंपनीने २०१५ मध्ये आणलेला आपला दुसरा फोन मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. मोठ्या कंपन्या मात्र आपल्या स्वस्त फोनना दोन-तीन वर्षांतच वाऱ्यावर सोडत असत. पुढे गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस-२४ ला सात वर्षांचे वचन दिले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच लागू केला. त्यानुसार ८०० आवर्तनांनंतरही बॅटरीत ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत आणि अपडेट किमान पाच वर्षे मिळाली पाहिजेत. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काविषयीचे पोर्टल सुरू केले. ते माहितीपुरते उपयोगी आहे, परंतु माहिती म्हणजे युरोपातल्यासारखे कायद्याचे बंधन नव्हे.

यातून खरेदीच्या वेळचा एक व्यवहारी प्रश्न निघतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे विचारण्याआधी या फोनची सुरक्षा अपडेट कोणत्या साली थांबणार, हे विचारावे. ही मुदत सहसा फोन प्रथम बाजारात आल्यापासून मोजतात, ग्राहकाच्या पावतीच्या तारखेपासून नव्हे. सणाच्या सवलतीत मिळणारा फोन कधी कधी याच कारणाने स्वस्त असतो. दुसऱ्याने वापरलेला फोन घेताना तर हे पाहावेच. त्याशिवाय *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि दूरसंचार खात्याच्या संचार साथी सेवेवर तो चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, याची खात्री करावी.

पैशाचा मुद्दा आता टाळता येत नाही. नवा फोन पूर्वी साठवलेल्या पैशातून येई, आता तो अनेकदा हप्त्यांवर येतो. बिनव्याजी हप्ता या शब्दाने चांगले हिशेबी लोकही फसतात. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही आणि व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने वसूल होते. व्यापारी परंपरेच्या घरांना हे रिझर्व्ह बँकेने सांगावे लागावे, ही थोडी गंमतच आहे. शिवाय एप्रिल २०२० मध्ये मोबाइलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. या साऱ्याच्या तुलनेत नव्या बॅटरीचा खर्च बहुतेक फोनच्या किमतीचा अल्प अंश असतो.

ती बॅटरी बदलताना मात्र केवळ स्वस्तावर जाऊ नये. कंपनीचे किंवा खात्रीचे सुटे भाग वापरणारा कारागीर गाठावा, पावती घ्यावी आणि फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचे त्याचे संरक्षण पूर्वीइतके राहत नाही, हे ध्यानात ठेवावे. फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा काच एका बाजूने उचलली गेली, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा फोन चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये, त्याच दिवशी कारागिराकडे न्यावा.

जुना फोन ठेवणे याचा एक चुकीचा अर्थही आहे, आणि तो घरोघरी दिसतो. कपाटाच्या खणात दोन-तीन बंद फोन, त्यांचे चार्जर आणि एक रिकामा खोका, असा संग्रह वर्षानुवर्षे पडून असतो. वापरात असलेला सहा वर्षांचा फोन आणि खणात पडलेला तीन वर्षांचा फोन यांत मोठा फरक आहे. पहिल्याने एक खरेदी वाचवली. दुसरा हा निव्वळ परिग्रह आहे आणि परिग्रह-परिमाणाचा विचार ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या होत आला, तिथे याची फोड करून सांगण्याची गरज नाही. त्या खणातील फोनच्या बॅटरीत कोबाल्ट असते आणि जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक आफ्रिकेतील काँगोमधून येते, तिथे हाताने खोदणाऱ्या खाणींत मुलेही राबताना आढळली आहेत. अ‍ॅपलच्याच पर्यावरण अहवालांनुसार आयफोनच्या संपूर्ण आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा सुमारे चार-पंचमांश वाटा तो तयार होतानाच पडून गेलेला असतो. रात्री चार्जर बंद करून जे वाचते, त्याच्या कितीतरी पट फोन आणखी दोन वर्षे वापरल्याने वाचते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्क्यांचीच रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

म्हणून खणातील फोन आज सायंकाळीच बाहेर काढावेत. ज्याला अजून अपडेट मिळतात, तो घरातील विद्यार्थ्याला किंवा गरजूला द्यावा. ज्याची मुदत संपली आहे, तो बँकेचे खाते न जोडता केवळ आकाशवाणी, भजने किंवा गजराच्या घड्याळासारखा वापरता येतो. ज्याचा काहीच उपयोग उरला नाही, त्यातील छायाचित्रे उतरवून घ्यावीत, खाती बंद करावीत, सिम व मेमरी कार्ड काढावे, फोन फॅक्टरी रीसेट करावा आणि मगच तो नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रातही विचारणा करता येते. घंटागाडीत मात्र तो टाकू नये. ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर दाबली गेलेली लिथियमची बॅटरी पेट घेते आणि त्या गाडीवर हातांनी कचरा निवडणारी माणसे असतात.