विसाचे मत आणि पावणेदोनशेचे मत
(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी सभेत हळर्ण येथे केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही पडलो शाळामास्तर; वर्गात निघालेला एक प्रश्न तेवढा आपल्यापुढे ठेवतो.

२०२२ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक होऊन श्रीमती द्रौपदी मुर्मू निवडून आल्या. त्या दिवसांत आमचा एक विद्यार्थी सावंतवाडीच्या आजोळाहून परतला तो हिरमुसला होऊन. मामेभावाने चिडवले होते, "तुमचा आमदार विसाचा, आमचा पावणेदोनशेचा!" मुलाने विचारले, "सर, आम्ही एवढे हलके का?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. राष्ट्रपतीची निवड तुम्हीआम्ही थेट करीत नाही. संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य ती करतात. या निर्वाचकगणात प्रत्येकाच्या मताला ठरलेले मूल्य असते. आमदाराचे मूल्य काढण्याची रीत घटनेच्या ५५ व्या कलमात आहे. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागावयाचे, आणि आलेल्या भागाकारात हजार किती वेळा जातो ते पाहावयाचे. बाकी पाचशेहून कमी नसेल तर एक वाढवावयाचा. २०२२ साली लोकसंख्या धरली ती १९७१ च्या जनगणनेची.

हे गणित आम्ही फळ्यावर मांडले. गोव्याची तेव्हाची लोकवस्ती ७,९५,१२०, आमदार ४०. एका आमदारामागे १९,८७८ माणसे, म्हणून मूल्य २०. महाराष्ट्राची लोकवस्ती ५,०४,१२,२३५, आमदार २८८. एका आमदारामागे १,७५,०४२ माणसे, म्हणून मूल्य १७५. मुलगाच म्हणाला, "म्हणजे दर हजार माणसांना एक!" तेच खरे. सरहद्दीच्या अलीकडील हजार माणसे आणि पलीकडील हजार माणसे यांचे वजन सारखेच धरले आहे. उलट प्रत्येक आमदाराला एकच मत दिले असते, तर हळर्णचा एक माणूस सावंतवाडीच्या जवळजवळ नऊ माणसांना भारी झाला असता. आमदारांची मते असमान ठेवली ती माणसे समान राहावीत म्हणून.

आपल्या भागाने याहून कठीण दिवस पाहिले आहेत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रत्येक मत एकाच मोलाचे होते. पेडणे व डिचोली या तालुक्यांचा कल विलीनीकरणाकडे होता. परंतु गोव्याचा कौल ३४,०२१ मतांच्या आधिक्याने संघप्रदेश राहण्याच्या बाजूने गेला. मात्र संघप्रदेशाच्या आमदारांना त्या काळी निर्वाचकगणात जागाच नव्हती. १९६७, १९६९, १९७४ आणि १९८२ या राष्ट्रपतिपदाच्या चारही लढतींत आपल्या आमदारांचे मत शून्य होते. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, तेव्हा ते दार उघडले. ज्याने शून्य पाहिले त्याने विसाला हसू नये.

आता खासदारांकडे वळू. सगळ्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज निवडून आलेल्या खासदारांत सारखी वाटतात. २०२२ साली ती ५,४३,२३१ होती आणि खासदार ७७६. म्हणून प्रत्येकाला ७०० आले. येथे राज्याची लोकवस्ती पाहत नाहीत. गोव्याचे खासदार तीन, लोकसभेचे दोन व राज्यसभेचा एक. त्यांची मते झाली २,१००. चाळीस आमदारांची मिळून ८००. म्हणजे एकूण १०,८६,४३१ मतांत गोव्याची २,९००. दर हजारी अडीचहून अधिक. आणि १९७१ साली देशाच्या दर हजार माणसांत गोव्याची दीडही नव्हती! तेव्हा गाऱ्हाणे मांडावयाचेच तर ते इतरांनी मांडावे.

खरा वाद आहे तो १९७१ या सालाचा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आकडे कायम धरले, आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. ज्या राज्यांनी लोकसंख्येला आळा घातला त्यांचे वजन घटू नये, हा त्यामागील विचार. १९७१ च्या हिशेबाने केरळच्या आमदाराचे मूल्य १५२, राजस्थानच्या आमदाराचे १२९. तीच रीत २०११ च्या आकड्यांना लावली तर केरळचे २३९ आणि राजस्थानचे ३४३ येते. केरळची तक्रार खोटी नाही. पण राजस्थानात वाढलेली माणसे हिशेबाबाहेर राहिली, हेही खोटे नाही. आमचे मत असे की, संयमाचे बक्षीस अन्य मार्गाने द्यावे. मत मोजताना हयात माणूस मोजावा. यात गोव्याचे मूल्य ३६ झाले तरी देशातील वाटा थोडा घटेल. ते आपण सोसले पाहिजे.

मंडळी, हे दिल्लीचे पुराण येथे का लावले? या वर्षी आपल्या न्यासाची नियमावली दुरुस्त व्हावयाची आहे. आज प्रत्येक वाड्याचा एक प्रतिनिधी. बारा घरांच्या वाड्याचाही एक आणि साठ घरांच्या वाड्याचाही एक. मोठ्या वाड्यांची कुरकुर आम्ही ऐकली आहे. आम्ही स्वतः लहान वाड्याचे, आमच्या समाजाची घरे येथे थोडी; जुना नियम आमच्या सोयीचा आहे. तरीही सांगतो, शिष्यवृत्तीचा व औषधपाण्याचा पैसा वाटण्याच्या प्रश्नी मते घरांच्या प्रमाणात असावीत. मात्र एखाद्या वाड्याचा हक्कच काढून घेण्याचा प्रश्न येईल तेव्हा प्रत्येक वाड्याचे मत एकच धरावे, म्हणजे लहानांना भय राहणार नाही. देणगीच्या रकमेवर कोणाचे मत वाढू नये. आणि घरे दर पाच वर्षांनी पुन्हा मोजावीत. पन्नास वर्षे जुनी यादी घेऊन बसू नये.

त्या मुलाने पुढच्या सुट्टीत आजोळी जाऊन मामेभावाला सगळा भागाकार करून दाखवला. आपल्या मोठ्या वाड्याने लहान वाड्याला आणि लहानाने मोठ्याला असाच हिशेब मोकळ्या मनाने दाखवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.