बुद्धिबळांतील सांपळे

बुद्धिबळाचा पट मांडून दहा खेळ्या होतात न होतात तोंच मात झाल्याचा अनुभव बहुतेक नवशिक्यांच्या पदरीं असतो. डावाच्या आरंभींच्या सांपळ्यांविषयीं त्यामुळें दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, दहा सांपळे पाठ केले कीं जय हातीं आला. कोणी म्हणतो, जाणता खेळाडू त्यांत सांपडतच नाहीं. दोन्ही मतें अपुरीं आहेत. प्रतिस्पर्धी न सांपडल्यास सांपळा लावणाराची स्थिति काय होते, हा खरा प्रश्न होय.

सर्वांत प्रसिद्ध सांपळा अठराव्या शतकांतील फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नांवानें ओळखला जातो. विख्यात फिलिदोर हा याचाच शिष्य. पांढऱ्याचा घोडा पुढें आलेला असतो, मागें त्याचा वजीर असतो, आणि काळ्याचा उंट घोड्यास जखडून ठेवतो. घोडा हलला तर वजीर जाणार, हें उघड दिसतें. तरीहि पांढरा त्याच घोड्यानें मध्यावरचें प्यादें मारतो. काळ्यानें हर्षभरानें वजीर घेतला कीं पांढऱ्याचा उंट शह देतो, राजास एकच घर उरतें, आणि दुसरा घोडा येऊन मात करतो. वजीर न घेतां काळ्यानें घोडाच मारला, तर पांढरा त्याचा उंट घेऊन एका प्याद्यानें वरचढ राहतो. सांपळा फसला तरी तोटा नाहीं.

परंतु काळ्याचा वजिराकडील घोडा अगोदरच बाहेर आलेला असेल, तर हीच खेळी घातक ठरते. तो घोडा पांढऱ्याचा घोडा मारून आपल्या उंटासहि जोर देतो, आणि एका प्याद्याच्या मोबदल्यांत पांढऱ्याचें मोहरें जातें. केवळ पाठांतर करणारास हा एका खेळीचा फरक दिसत नाहीं.

जाणते सांपडत नाहींत, हेंहि खरें नव्हे. १९५० सालीं पोलंडमधील एका स्पर्धेंत एस्टोनियाचा पॉल केरेस यानें आर्लामोव्स्की यास सहाव्या खेळींत मात केली. केरेसनें वजीर राजासमोरच्या घरांत आणला. काळ्यानें नेहमींप्रमाणें दुसरा घोडा बाहेर काढला. केरेसच्या घोड्यानें शह दिला. जें प्यादें तो घोडा मारूं शकलें असतें, तें वजिराच्या माऱ्यामुळें राजापुढून हलूं शकत नव्हतें. येथें लोभ नव्हता. हात सवयीनें चालला, एवढेंच.

याउलट १९१८ सालीं न्यूयॉर्क येथें मार्शलनें एक प्यादें बळी देऊन कापाब्लांकावर नवा हल्ला चढविला. कापाब्लांकानें धोका ओळखूनहि आव्हान स्वीकारलें, एकेक खेळी तोलून उत्तर दिलें आणि ३६ खेळ्यांत डाव जिंकला. तरी तो हल्ला मेला नाहीं. त्यांत तथ्य असल्यामुळें थोर खेळाडू तो आजहि खेळतात. गुपितावर जगणारा सांपळा मात्र गुपित फुटतांच संपतो.

म्हणून प्रतिस्पर्धी उत्तमांतील उत्तम उत्तर देईल असें धरूनच खेळी करावी. तो चुकला तर लाभ आहेच. पण त्याच्या चुकीच्या आशेवर आपला डाव कधींहि टांगूं नये.