आल्सासच्या लहान गावांतून

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“परदेशात पाहिलेले काहीतरी सांगा,” अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मोठमोठ्या शहरांची आणि बर्फाच्या डोंगरांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून आज मी तुम्हांला काही लहान गावांत नेणार आहे. आपल्या पेठेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे, तेवढ्यात संपणारी ही गावे.

माझा मुलगा नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला असतो. तेथून उत्तरेकडे सरहद्द ओलांडली की फ्रान्सचा आल्सास प्रांत लागतो. पश्चिमेला व्होज पर्वत, पूर्वेला ऱ्हाईन नदी आणि पर्वताच्या उतारावर द्राक्षांचे मळे. या मळ्यांतून जाणारा सुमारे १७० किलोमीटरांचा ‘द्राक्षमार्ग’ १९५३ साली प्रवाशांसाठी आखण्यात आला. मे महिन्यातल्या एका रविवारी स्वच्छ ऊन पडलेले पाहून मुलगा, सूनबाई, नातू आणि मी पोळीभाजीचा डबा घेऊन मोटारीने निघालो.

पहिले गाव एगिसाइम. मध्ये जुना गढीवजा वाडा आणि त्याच्याभोवती वाटोळ्या गल्ल्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकीबाहेर एक. एका गल्लीत शिरून चालत राहिले की माणूस निघाला तिथेच परत येतो. नातवाला या गोष्टीची इतकी गंमत वाटली की त्याने आम्हांला दोनदा फिरवले! घरे निळी, पिवळी, गुलाबी. खिडक्याखिडक्यांतून लाल फुले. मला मात्र भिंती पाहून नवल वाटले. ओकच्या लाकडाची चौकट आणि मधल्या पोकळीत माती व पेंढा यांचे लिंपण. कोकणातल्या कुडाच्या भिंतीचीच ही थोरली बहीण! दुकानात नागमोडी मातीच्या साच्यात भाजलेला, मध्ये भोक असलेला, बदाम-मनुकांचा ‘कूगलॉफ’ मिळाला. चहाबरोबर फार छान लागतो.

पुढे कायझर्सबर्ग. छोटी नदी, तिच्यावर सोळाव्या शतकातला दगडी पूल, टेकडीवर पडक्या किल्ल्याचा बुरूज. आफ्रिकेत लांबारेने येथे रुग्णालय काढणारे आणि १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १८७५ साली याच गावी झाला. त्या वेळी हे गाव जर्मनीत होते. त्यामुळे १९१४ साली महायुद्ध सुरू होताच, फ्रेंचांच्या वसाहतीत रोग्यांची सेवा करणारे हे डॉक्टर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, आणि फ्रेंच सरकारने त्यांना नजरकैदेत ठेवले.

हे ऐकल्यावर मी मुलाकडून या प्रांताचा इतिहास समजावून घेतला. आल्सास १८७१ साली जर्मनीकडे गेला, १९१८ साली फ्रान्सकडे आला, १९४० साली पुन्हा जर्मनांच्या ताब्यात गेला आणि १९४४-४५ मध्ये पुन्हा फ्रान्सचा झाला. आता कल्पना करा, १८७० साली येथे जन्मलेली एखादी बाई पंचाहत्तर वर्षे जगली असेल. आपण बायका लग्नात घर बदलतो, नाव बदलतो. निदान तांदळाचे माप ओलांडून तरी जातो! तिने मात्र आपल्या घराचा उंबरठाही न ओलांडता चार वेळा देश बदलला. तिने शाळेत एक भाषा शिकावी, तर मुलाने दुसरी. १९४० नंतर तर फ्रेंच बोलायलाही बंदी झाली आणि माणसांची फ्रेंच नावे बदलून जर्मन करण्यात आली. १९४२ पासून तिथल्या तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केले. लाखाहून अधिक मुले अशी नेली. हजारो परत आलीच नाहीत.

गावोगावी युद्धात मेलेल्यांची स्मारके आहेत. फ्रान्समध्ये इतरत्र अशा स्मारकांवर ‘मातृभूमीसाठी’ किंवा ‘फ्रान्ससाठी’ मेले, असे बहुधा लिहिलेले असते. आल्सासमधल्या पुष्कळ स्मारकांवर नुसते ‘आमच्या मृतांस’ एवढेच आहे. कोणत्या देशासाठी, हे लिहायचे तरी कसे? गणवेश कोणाचाही असो, मुले मात्र गावाचीच होती. भगिनींनो, त्या दोन शब्दांपुढे मी बराच वेळ उभी होते.

तेथून थोड्याच अंतरावर बेनवीर आणि मितेलवीर ही गावे. येथे रंगीत जुनी घरे फारशी दिसत नाहीत, म्हणून प्रवासी थांबत नाहीत. आम्ही थांबलो. १९४४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या लढाईत ही गावे जवळजवळ जमीनदोस्त झाली. आज दिसतात ती घरे लोकांनी नंतर बांधलेली आहेत. बेनवीरचे देऊळही नवे, त्यात लांबच लांब रंगीत काचांचे चित्र. मितेलवीरला एक भिंत आहे. जर्मन अमलात गावकऱ्यांनी तिच्यावर निळी, पांढरी आणि लाल फुले फुलवली. हे फ्रान्सच्या निशाणाचे रंग! निशाण लावायची सोय नव्हती, तर फुले लावली. तेव्हापासून तिकडच्या खिडकीतली कुंडी मला नुसती शोभेची वाटेनाशी झाली.

शेजारचे रिकवीर मात्र लढाईतून सुखरूप राहिले. त्याच्या वेशीवरचा उंच मनोरा तेराव्या शतकातला आहे. तेथे प्रवाशांची अशी दाटी, की आम्ही एक फेरी मारून उनावीरला निघालो.

उनावीर हे मला सर्वांत आवडलेले गाव. मळ्यांच्या मधोमध उंचवट्यावर तटबंदीचे देऊळ आहे. ख्रिस्ती धर्माचे दोन पंथ, कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट, सतराव्या शतकापासून या एकाच देवळात आपापली प्रार्थना करत आले. गावात करकोच्यांच्या संवर्धनाचे केंद्र आहे. करकोचा हा आल्सासचा लाडका पक्षी, पण १९७४ साली त्याच्या दहाही जोड्या तेथे उरल्या नव्हत्या. दूरच्या प्रवासात बरेच पक्षी मरत. म्हणून १९७६ पासून या केंद्रात पिल्ले सांभाळली. सुमारे तीन वर्षे ठेवून घेतली की त्यांची परदेशी जाण्याची ओढ कमी होते आणि ती तेथेच घरटी करतात. आता छपराछपरांवर घरटी दिसतात.

आणि या गावाचे नाव कोणावरून पडले असेल? एका धुणे धुणाऱ्या बाईवरून! सातव्या शतकात ऊना नावाची एक सरदारपत्नी होऊन गेली. ती गोरगरिबांचे कपडे गावच्या झऱ्यावर स्वतःच्या हाताने धूत असे, अशी कथा आहे. १५२० साली तिला संतपद मिळाले. आपल्या जनाबाईंबरोबर प्रत्यक्ष पांडुरंग दळायला बसला, हे ऐकत वाढलेल्या मला ती परकी वाटलीच नाही. झरा आजही वाहतो आहे, शेजारी धुण्याची जुनी जागा आहे. तेथे बसून आम्ही डबा खाल्ला आणि नातवाने त्या पाण्यात हात घातले.

परत आल्यावर पुष्कळ जणी म्हणतात, “तिकडे सगळे कसे छान, आपल्याकडे काय आहे!” मला हे पटत नाही. ही गावे सुदैवाने सुंदर राहिलेली नाहीत. त्यांच्यावरून दोन महायुद्धे गेली. कोणी ढिगारे उचलले, कोणी भिंत लिंपली, कोणी पिल्लांना चारा घातला, कोणी कुंडीला पाणी घातले. बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

आपल्या पेठेतल्या जुन्या हौदाच्या सफाईचा विषय मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर दोन वर्षे आहे. यंदा तो तडीस नेऊ या. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी झाडू घेऊन तेथे हजर असेन. ज्यांना जमेल त्यांनी यावे. येताना एकेक घमेले आणावे.