हसलेला अनारसा

लखनौहून सीतापूरकडे जाणारा हमरस्ता धरला, की शहराची वस्ती विरळ होता होता एक जुना बांधीव तलाव लागतो. या तलावावरून त्या गावालाच 'बख्शी का तालाब' असे नाव पडले आहे. बख्शी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. शिंद्यांच्या फौजेतील जिवबादादा बक्षी आपल्या इतिहासात प्रसिद्धच आहेत. तेव्हा हे पद मराठी कानाला परके वाटू नये. गावाजवळ आता वायुदलाचा तळ आहे, आणि ग्रामविकासाचे शिक्षण देणारी उत्तर प्रदेश सरकारची एक मोठी संस्थाही आहे. त्या संस्थेत नोकरीच्या निमित्ताने माझे काही आठवडे गेले. आज मी सांगणार आहे ते तेथील कामकाजाविषयी नव्हे. तेथे मला अनारशांनी एक प्रश्न घातला, त्याविषयी बोलावयाचे आहे.

आपल्याकडे अनारसा म्हटला की दिवाळी आठवते, किंवा अधिक महिन्यात जावयाला द्यावयाचे तेहतीस अनारसे आठवतात. अवधात त्याला अंदरसा म्हणतात आणि तो पावसाळ्यात खातात. आपण त्याला खसखस लावतो, ते तीळ लावतात. आपण तो चपटा थापतो, ते बहुधा गोळी वळतात. पण तांदूळ तीन दिवस भिजत घालणे, पाणी रोज बदलणे, सावलीत कोरडा करून तो ओलसर असतानाच कुटणे, हा सारा खटाटोप दोन्हीकडे सारखाच. त्याच प्रदेशात करवा चौथीला घरोघर 'फरा' उकडतात. तांदळाच्या पिठाच्या पारीत वाटलेली डाळ भरून ती वाफेवर शिजवावयाची. पहिल्यांदा ते ताट पुढे आले तेव्हा आपल्या मोदकाचा हा कोणी तिखट आतेभाऊ असावा, असे मला वाटले.

आता हे सारे संग्रहालयात ठेवण्याजोगे आहे काय? हा प्रश्न मला सुचला तो लखनौत नव्हे, त्याच्या दोन वर्षे आधी, सोल शहरात. दक्षिण कोरियातील ग्रामसुधारणेची चळवळ पाहण्यासाठी आमची एक तुकडी तिकडे गेली होती. सुट्टीच्या दिवशी चांगदोक राजवाड्याच्या परिसरात हिंडत असता मी एका लहानशा संग्रहालयात शिरलो. ते निव्वळ तांदळाच्या वड्यांचे आणि त्या करावयाच्या भांड्यांचे संग्रहालय होते! पारंपरिक कोरियन पाकशास्त्र शिकविणाऱ्या एका संस्थेने या शतकाच्या आरंभी ते उभारले. या वड्यांना तिकडे 'तॉक' म्हणतात. आपला मोदक, पातोळी, सांदण, पानगी हे सारे पदार्थ एका शब्दात सांगावयाचे म्हटले तर आपल्यापाशी शब्द नाही. कोरियन माणसापाशी तो आहे. उकडलेला, कुटलेला, तळलेला आणि पाण्यात शिजविलेला, असे तॉकचे चार वर्ग पाडतात.

तेथील एका मातीच्या भांड्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. त्याचे नाव 'शिरु'. तळाला भोके असलेले हे मडके पाण्याच्या भांड्यावर बसवावयाचे आणि दोहोंमधील फट कणकेने लिंपावयाची, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. लखनौचे आचारी दम देताना हंडीचे झाकण असेच कणकेने बंद करतात. हे शिरु फार जुने आहे. आज उत्तर कोरियात असलेल्या आनाक येथील इ. स. ३५७ च्या थडग्यातील भित्तिचित्रात स्वयंपाकघर रंगविलेले आहे, आणि तेथे एक स्त्री अशाच भांड्यापाशी उभी आहे. राजे आले आणि गेले. मडके मात्र तेच राहिले.

दुसऱ्या एका कपाटात तॉकवर नक्षी उठविण्याचे लाकडी व चिनी मातीचे ठसे होते. शेजारी माणसाच्या आयुष्यातील निरनिराळ्या प्रसंगांची पाने मांडलेली होती. मूल शंभर दिवसांचे झाले म्हणजे पांढरा शुभ्र तॉक करून तो शंभर घरी वाटावयाचा, म्हणजे मुलाला दीर्घायुष्य लाभते, असा समज. नव्या वर्षी तॉकच्या चकत्यांचे सूप प्यावयाचे. ते प्याल्याखेरीज वय एका वर्षाने वाढत नाही. शरदातील पौर्णिमेला पाइनच्या पानांवर उकडलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या करावयाच्या, आणि ज्या मुलीची करंजी सुबक तिला मुलगी देखणी होणार! कळीदार मोदकावरून सुनेची पारख करणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे ऐकून परके वाटले नसते.

कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथांतही तॉक ठिकठिकाणी भेटतो. ११४५ साली पुऱ्या झालेल्या 'सामगुक सागी' या ग्रंथातील ही कथा आहे. सिल्ला राज्यात गादीवर कोणी बसावे याविषयी दोघे एकमेकांना आग्रह करू लागले. शहाण्या माणसाला दात अधिक असतात म्हणून दोघांनी तॉक चावून पाहिला, आणि ज्याच्या दातांचे ठसे अधिक उमटले तो राजा झाला. आपल्या निवडणुकांना हा उपाय सुचवावा असा मोह होतो, असो. त्याच ग्रंथातील दुसरी कथा मला अधिक आवडते. बेकग्यॉल नावाचा एक निर्धन वादक होता. त्याच्या वस्त्राला शंभर ठिगळे, म्हणून त्याचे नावच तसे पडले. वर्षाची अखेर आली, शेजारीपाजारी उखळांत मुसळांचे घाव पडू लागले. बायको म्हणाली, सगळ्यांच्या घरी धान्य आहे, आपण काय कुटावयाचे? तेव्हा त्याने तंतुवाद्य उचलले आणि त्यावर मुसळाचा आवाज वाजवून तिचे मन रमविले. घरात दाणा नाही, पण कानाला सण ऐकू आला. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला या कथेचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अवधाशी कोरियाचे नाते जोडणारी कथाही पुष्कळांच्या कानी आली असेल. तेराव्या शतकातील 'सामगुक युसा' या ग्रंथात आयुता देशाची एक राजकन्या समुद्रमार्गे येऊन राजा सुरो याची राणी झाल्याचे लिहिले आहे. ही आयुता म्हणजेच अयोध्या असे कित्येक मानतात, कित्येक मानीत नाहीत. २००१ साली शरयूकाठी तिचे स्मारकही उभे राहिले. खरेखोटे पंडितांनी ठरवावे. मला त्या ग्रंथातील एक साधा तपशील मोलाचा वाटतो: सुरो राजाच्या श्राद्धविधीत मद्य, भात, चहा आणि फळे यांच्याबरोबर तॉकही ठेवीत असत.

मग संग्रहालयाची गरज का पडली? सरकारी नोकराला या प्रश्नाचे उत्तर थोडे टोचते. युद्धानंतर कोरियात तांदळाची टंचाई होती. १९६९ पासून सरकारने आठवड्यातील दोन दिवस खाणावळींत दुपारचा भात बंद केला आणि गव्हाच्या पिठाचा प्रचार चालविला. त्यामुळे तॉकही गव्हाचा होऊ लागला. आपल्याकडे १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले होते, त्या काळातील रेशनच्या तांदळाच्या गोष्टी माझी आई आजीकडून ऐकल्याप्रमाणे सांगत असे. टंचाई सरते, पण मध्यंतरी एक पिढी हात न लावता मोठी होते. पुढे २०२१ साली कोरियाने तॉक करण्याच्या व वाटण्याच्या प्रथेला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला, आणि त्यासाठी कोणा एकाला अधिकृत जाणकार ठरविले नाही. हे काम सर्वांचेच आहे, अशी ती भूमिका.

आपल्याकडे अशी दृष्टी असलेला माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, भांडी गोळा करावयास आरंभ केला. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि पुढे तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. स्वयंपाकघरातील वस्तू कपाटात बसण्याच्या योग्यतेची आहे, हे त्यांनी आपल्याला शिकविले.

मी मात्र ते शिकलो नव्हतो. बख्शी का तालाब येथे बचत गटाच्या स्त्रियांच्या एका तुकडीने अभ्यास म्हणून योजना लिहून आणली: गावच्या जुन्या जात्या-उखळांचे आणि तांदळाच्या पदार्थांचे एक लहानसे दालन. मी सवयीने कडेला शेरा मारला, 'प्रस्ताव योजनेच्या चौकटीत बसत नाही.' नंतर मनाला चुटपुट लागली, म्हणून मी त्यांना सोलच्या संग्रहालयाची हकीकत सांगितली. त्यांच्यातील सर्वांत वयस्क बाईने, जिला सगळ्या अम्मा म्हणत, ती सगळी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "बासन तौ धरे हैं साहेब, मुला पिसान को सानत है?" भांडी ठेवली आहेत खरी, पण पीठ कोण मळतो?

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंदरसे तळावयास घेतले. पहिला घाणा तुपात पडताच फुटून विरघळला. आपल्याकडे याला अनारसा हसला म्हणतात. माझी आई अशा वेळी पिठात काहीतरी घालीत असे आणि दुसरा घाणा ठीक उतरे. काय घालीत असे, किती घालीत असे, हे मी कधी विचारले नाही, आणि आता विचारावयास ती नाही. गेल्या तीन दिवाळ्या आमच्या घरचे अनारसे हसत आहेत.

अम्मांनी डब्यातील कोरडे तांदळाचे पीठ मूठभर घेतले. मी म्हणालो, अम्मा, जरा थांबा. त्यांच्या मुठीतले पीठ मी भटारखान्यातील काट्यावर घातले, चाळीस ग्रॅम भरले, ते वहीत टिपून घेतले. पीठ मळले, घाणा पडला, जाळी सुरेख उठली. मला फार समाधान वाटले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा घाणा हसला. मी वही काढून चाळीस ग्रॅम पीठ पुढे केले. अम्मांनी ते घातले, गोळा बोटांनी दाबून पाहिला, आणि आणखी अर्धी मूठ भरली. हे कशाला, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बोट केले. रात्री पाऊस पडून गेला होता.