वसुलीवाला दारात आला तर

आज बोलायचं आहे हप्त्याबद्दल, आणि हप्ता चुकला की दारात येणाऱ्या साहेबांबद्दल. दहा-पाच जणी एकमेकींना जामीन राहतात, आधारकार्डावर कर्ज मिळतं आणि आठ-पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी ओसरीवर मीटिंग भरते, ते हे फायनान्सचं कर्ज.

पावसात मजुरी थांबते, शाळा सुरू होते, त्यातच घरात कुणी आजारी पडलं की हप्ता राहतो. मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. साहेब म्हणतो, "हिचा हप्ता आल्याशिवाय कुणी उठायचं नाही." बाकीच्या जणींची चूल खोळंबते, लेकरं रडायला लागतात, आणि अर्ध्या तासात सगळा राग त्या एकीवर निघतो. साहेबाला आवाजसुद्धा चढवावा लागत नाही. त्याचं काम आपणच करून देतो. मला विचाराल तर या वसुलीतली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे.

गटाने एकमेकींची हमी घेतलेली असते, हे खरं. सही केली आहे, ती नाकारता येत नाही. पण त्या सहीने कुणाला कोंडून ठेवायचा हक्क साहेबाला मिळत नाही. जिने आपला हप्ता भरून कार्डावर नोंद करून घेतली, ती उठून घरी जाऊ शकते.

रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी या छोट्या कर्जांसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्या घराला दिलेलं विनातारण कर्ज यात येतं. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक जणी आल्याच.

हप्ता कुठे द्यायचा ती जागा दोघांनी मिळून ठरवायची असते. ठरल्या जागी तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत, तरच वसुलीचा माणूस तुमच्या घरी किंवा कामावर येऊ शकतो. आता नीट ऐका. पैसे नसले की आपण मीटिंगला जातच नाही. घराला कुलूप लावून मागच्या दाराने शेतात जातो. असं दोनदा केलं की त्याला आपल्या दारात यायची मुभा मिळते. म्हणून हात रिकामा असला तरी मीटिंगला जा, आणि चारचौघींसमोर सांगा, "आज दोनशेच आहेत, ते जमा करा, बाकीचे अमुक तारखेला देते." त्या दोनशेची नोंद कार्डावर तिथल्या तिथे करून घ्या.

सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, दिवसाही सारखा फोन करून छळायचं नाही, असा नियम आहे. शिवीगाळ नाही, धमकी नाही, मारहाण तर नाहीच. दिराला, माहेरच्यांना, मुकादमाला गाठून त्रास द्यायचा नाही. गावात नाव लावायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो टाकणं हेही नाव लावणंच झालं.

खोटी भीती घालणंसुद्धा नियमाविरुद्ध आहे. "पोलिसात देतो, रेशन बंद करतो, लाडकी बहीण बंद करतो" असं सांगतात. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, आणि रेशन बंद करणं कंपनीच्या हातात नाही. कर्ज विनातारण आहे, तेव्हा शेळी, टीव्ही, गॅसची टाकी उचलून न्यायचा हक्क त्याला नाही. कंपनी दिवाणी दावा लावू शकते, आणि थकबाकीची नोंद सिबिलला जाऊन पुढचं कर्ज अडतं. एवढं मात्र खरं आहे, ते लपवून उपयोग नाही. "माफी होणार आहे, हप्ते थांबवा" असं सांगत फिरणाऱ्यांचं म्हणूनच ऐकू नका. नोंद तुमच्या नावावर लागते, त्यांच्या नाही.

बाहेरचा वसुली एजंट आला, तर त्याच्याकडे ओळखपत्र, कंपनीचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असायला हवी. ती मागा, मोबाइलमध्ये फोटो काढा. हात उगारला, घरात घुसला, तर ११२ लावा.

कर्जाचं कार्ड डब्याच्या तळाशी पडलेलं असतं. ते काढून लेकीकडून वाचून घ्या. ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असायला हवं. व्याज, फी, विम्याचे कापलेले पैसे, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर, सगळं त्यावर लागतं. विमा असेल तर तो कुणाचा, तुमचा की नवऱ्याचाही, हे आजच बघून ठेवा. घरात मयत झाल्यावर हप्ते भरत राहायचं आणि क्लेमचं कुणी विचारायचंच नाही, असं होऊ नये. दंडाचंही तसंच. ४०,००० च्या कर्जातला १,२०० चा हप्ता चुकला, तर दंड १,२०० वर लागतो, ४०,००० वर नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्यासाठी दंड नाही.

नवीन कर्ज घेताना आणखी एक हिशोब करा. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. घरात महिन्याला १४,००० येत असतील, तर सगळे हप्ते ७,००० च्या आत. एकाचा हप्ता भरायला दुसरीकडून उचलायचं, मग तिसरीकडून, हे तिथेच थांबायला हवं.

गावातल्या सावकाराला मात्र हे नियम लागत नाहीत. त्याच्यासाठी राज्याचा २०१४ चा सावकारी कायदा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे करायची.

फायनान्सवाल्यांची तक्रार आधी कंपनीकडे, तीही लेखी. तारीख, वेळ, कोण आला, काय बोलला, कोण साक्षीला होतं, एवढं पुरे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. पत्ता लिहून घ्या: केंद्रीकृत प्राप्ती आणि प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड, पिन १६००१७. सोबत कार्डाची आणि कंपनीला दिलेल्या तक्रारीची झेरॉक्स लावा. मूळ कागद पाठवू नका, आणि पोस्टाची पावती कार्डालाच टाचून ठेवा.