आग्रह आणि शतपावली
(सोसायटीच्या कोजागरी कार्यक्रमात केलेले भाषण)

हातात मसाला दुधाचा पेला असताना डॉक्टरला बोलायला उभं करायचं, ही आपल्या सेक्रेटरींची कमालच आहे. पिऊन घ्या, मी बघत नाही.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. लाडू खाऊ नका, असं मी सांगणार नाही. सांगितलं तरी ऐकणार कोण? एका लाडवाने काही बिघडत नाही. बिघडतं ते आग्रहाने. पाडव्याला बी विंगमधून निघालेला माणूस ए विंगमध्ये चार घरी जातो. प्रत्येक घरी भरलेली बशी : लाडू, करंजी, दोन चकल्या, वर मूठभर चिवडा. "एवढं तरी घ्याच हो!" नाही म्हटलं तर वहिनींना वाईट वाटतं. चार बशांत एक जेवण होऊन जातं आणि घरी श्रीखंड-पुरी वाट बघत असतेच. चिवडा गोड नाही म्हणून मधुमेही मंडळी तो बिनधास्त खातात; पण पोहे म्हणजे शेवटी तांदूळच ना!

मला खरी काळजी वाटते ती गोळ्यांची. "आज गोड झालं, म्हणून गोळी दुप्पट घेतली." किंवा "रात्री जेवण जड आहे म्हणून दिवसभर उपाशी राहिलो, गोळी मात्र चुकवली नाही." मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने अशा वेळी साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं, दगदग झाली असेल. यात जीवही जाऊ शकतो. माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तडक हॉस्पिटल गाठा. आणि गोळ्या आपल्या मनाने वाढवायच्याही नाहीत, बंदही करायच्या नाहीत.

यंदा एक करून बघू. प्रत्येकाला बशी भरून देण्याऐवजी मध्ये एकच ताट ठेवायचं. ज्याला जे हवं ते तो उचलेल. आणि जेवल्यावर लगेच सोफ्यावर लवंडायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी स्नायू रक्तातली साखर वापरतात, ती फार चढत नाही. आपल्या आजीची शतपावली हीच की!

पाचही दिवस रात्री साडेनऊला मी गेटपाशी उभा असेन. आवाराला चार फेऱ्या मारू. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन मारल्या तरी चालेल. गप्पा मात्र पूर्ण.